एक टक म्हणजे हो

प्रिय भोंग्या,

नाही, मोठं मशीन विकलेलं नाही आणि विकणारही नाही. मला कुणी विचारलेलं नाही, पण लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर तोच प्रश्न दिसतो, म्हणून आधीच सांगून टाकते. दुरुस्तीवाला तर त्या मशीनकडे असा बघतो की जणू उद्या त्याला उचलायलाच यायचंय. “मावशी, एक पाय आखूड आहे, पाचर मारू द्या, नाहीतर भंगारात द्या.” मी म्हटलं, बाबा, ते कपडे काय पायाने धुतं का? लंगडतं तर लंगडू दे. दोरीने खांबाला बांधलंय, कुठे पळून जात नाही. तो पट्टा बदलून गेला.

पत्र बघून तुला धसका बसला असेल. कुणी मेलेलं नाही. छप्पर जागेवर आहे, मी जागेवर आहे, गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतोय. दर आठवड्याला फोन होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन होतो म्हणजे काय, मी बोलते आणि तू चमच्याने टक करतेस. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी गळा वापरू नको म्हणून सांगितलं, तेव्हापासूनचं आपलं ठरलेलं. एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही, आणि चिडलीस की नुसता डबा बडवतेस. पण काही गोष्टी टकटक करून होत नाहीत. म्हणून बसलेय लिहायला. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस. आणि कारण शेवटी सांगेन. आधी शेवट वाचलास तर मला कळेल.

परवा आपल्या लाँड्रीत एक बाई आली होती, कोट घ्यायला. तिच्याबरोबर तिची कॉलेजातली मुलगी. ती मुलगी मागच्या खोलीच्या दारात उभी राहून मशीनचा आवाज ऐकत होती. म्हणते, “हेच का ते? ताईंच्या पहिल्या सीडीतल्या गाण्यातलं?” मी म्हटलं, हेच. तर तिने मशीनबरोबर फोटो काढला! कपडे धुवायच्या मशीनबरोबर! तिच्या आईने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि मीही लावला.

पण त्या पोरीला काय माहीत की त्या मशीनवर पहिली मैफल तू दुपट्यात गुंडाळलेली असतानाच केलीस. तुझी आई गेली आणि तुला माझ्याकडे आणलं, तेव्हा तू अशी रडायचीस की समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा खाली ठेवायचा. त्यानेच तुझं नाव भोंगा पाडलं. मला मांडीवर घेऊन बसायला वेळ कुठे होता? कपड्यांच्या टोपलीत चादरी घातल्या, त्यात तुला ठेवलं आणि टोपली चालत्या मशीनवर ठेवून एक हात तिच्यावर धरला. धडक, मग थोडं थांबून धडक-धडक. आखूड पायामुळे ते असंच चालतं. तू गप्प. झोपलीस. मशीन थांबलं की जागी व्हायचीस आणि पुन्हा भोंगा. त्या दिवसांत मी स्वच्छ कपडेसुद्धा दोनदा धुतले आहेत.

म्हणून पुढे मोठी होऊन तू म्हणालीस की मावशी, आम्हाला मागची खोली दे, बँड काढायचाय, तेव्हा मला नवल वाटलं नाही. वैताग आला. गिटारवाला आपला वायरमन, दिवसा लोकांच्या घरची वायरिंग करणारा, त्याने आल्या आल्या स्वतःचा तो मोठा स्पीकरचा खोका माझ्या मशीनच्या लाइनवर जोडला आणि फ्यूज उडवला. आत कुणाच्या तरी पांढऱ्या चादरी साबणात अडकलेल्या. बेकरीवाला ट्रम्पेट घेऊन यायचा, त्याच्या अंगाला भाजक्या पावाचा वास आणि माझ्या खोलीत वाफेचा. आणि ड्रमवाला तो टायरच्या दुकानातला ठोक्या. देवाधर्माशी काही घेणंदेणं नाही, पण ठोका पक्का. तू म्हणालीस, “मावशी, तो विश्वास ठेवत नाही, पण ताल सोडत नाही.” मी म्हटलं, आपल्या चर्चच्या मंडळीत याच्या उलटे भरपूर आहेत, घे त्याला.

आणि तुमचं ते वाजवणं! आधी बेकरीवाला एखादं उपासनेतलं जुनं गीत असं हळू वाजवायचा की माझी इस्त्री थांबायची. डोळ्यांत पाणी यायला लागावं, तेवढ्यात वायरमन गिटारीवर पत्रा फाडल्यासारखा तुटून पडायचा, आणि तू प्रभूशी भांडल्यासारखी भरभर बोलायला लागायचीस. मग मधेच समुद्रकाठी लोक डुलतात तसलं काहीतरी. मी विचारलं, हे नक्की काय आहे? तू म्हणालीस, सगळंच आहे. मी म्हटलं, एका वेळी रंगीत आणि पांढरे कपडे घातले की काय होतं ते तुला शिकवलंय मी. तू हसलीस आणि म्हणालीस, “मावशी, मला तोच रंग हवाय.”

पहिला कार्यक्रम आठवतो? आठवेलच. आपल्या उपासनागृहात, शनिवारी संध्याकाळी, तरुणांसाठी. स्टेजच्या मधल्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याची टाकी. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मे, पंप हळू चालतो म्हणून टाकी शनिवारीच काठोकाठ भरून ठेवलेली. ठोक्या सोडून तुम्ही तिघे त्याच टाकीत बुडून वर आलेले, आणि तिघांपैकी एकालाही आठवलं नाही! ठोक्याचे ड्रम नेमके त्या फळ्यांवर मांडलेत, का, तर मध्यभागी शोभून दिसतात. दुसऱ्या गाण्यात त्याने जोर केला आणि कड्कन् आवाज झाला. मी मागच्या रांगेत बसले होते. मला आधी वाटलं हे पण गाण्यातलंच आहे. बघते तर ड्रमवाला नाही! मोठा ड्रम पाण्यावर तरंगतोय आणि त्याच्या बाजूला ठोक्याचं डोकं. वायरमनने तेवढी एक अक्कल दाखवली, उडी मारून प्लग ओढला. बेकरीवाला मात्र डोळे मिटून वाजवतच होता. आणि पहिल्या रांगेतली ती म्हातारी, जिला धड ऐकू येत नाही, ती मोठ्याने म्हणाली, “आमेन!”

त्यावर पुन्हा चर्चच्या वडील मंडळींची सभा. फळ्यांचं राहिलं बाजूला, ठोक्याचा बाप्तिस्मा झाला म्हणायचं की नाही, यावर संध्याकाळ घालवली. एकजण म्हणे पाण्यात गेला तो गेला. दुसरा म्हणे डोकं वर होतं. शेवटी पाळकसाहेबांनी मिटवलं. “बुडाला खरा, पण स्वतःहून बुडाला नाही. मोजायचं नाही.” ठोक्या बिचारा टॉवेल गुंडाळून माझ्या लाँड्रीत कपडे वाळायची वाट बघत बसलेला. मला म्हणाला, “मावशी, माझं मोजलं का?” मी म्हटलं, नाही. तर म्हणतो, “फुकट भिजलो म्हणजे.” तेव्हापासून वर्षातून एकदा तरी विचारतो. मोजलं का मावशी? अजून नाही रे.

त्यानंतर उपासनागृह तुम्हाला बंद झालं. इकडचे म्हणायचे सैतानाचा गोंगाट, आणि जिथे लोक ग्लास घेऊन बसतात तिथे गेलात तर तिकडचे म्हणायचे, ए, प्रवचन नको, नाचायचं वाजवा. तू घरी येऊन सूप ढवळत बसायचीस, खायची नाहीस. मला वाटायचं, आता सोडेल, आता इस्त्री हातात घेईल. मग तुम्ही ते गाणं केलंत. मशीनचा आवाज टेप करून त्याच्यावर. तेव्हा खोलीतले सगळे पंखे बंद, मला श्वास पण हळू घ्यायला लावला होतात. ‘मळ माझा, हात तुझे.’ एवढेच शब्द, फिरून फिरून तेच. मी म्हटलं, याला गाणं म्हणतात? हे तर माझ्या दुकानाची पाटी झाली.

पण चाललं. गाण्यांच्या दुकानदाराने विचारलं, ही सीडी कुठल्या फळीवर ठेवू, देवाच्या की धिंगाण्याच्या? तू म्हणालीस दोन्हीकडे. त्याला एवढी डोकेफोड नको होती, त्याने गल्ल्याजवळ बॅटरीच्या सेलशेजारी ठेवली. लोक सेल घ्यायला यायचे आणि तुम्हाला घेऊन जायचे. मग व्हॅन आली, मोठे हॉल आले. जी मंडळी दार लावून घ्यायची तीच बोलवायला लागली. आणि मधे तो एक शहाणा भेटला, म्हणाला एक काहीतरी ठरवा, नुसती शांत गाणी करा, खपतील. तुम्ही केलीत. ती सीडी मी लावली की गिऱ्हाइकं जांभया द्यायची. बेकरीवाला रुसून भट्टीवर परत गेला, आणि तू स्वतः पहाटे बेकरीत जाऊन पिठात हात घालून उभी राहिलीस, तेव्हा आला. त्याच्यानंतरची सीडी पुन्हा सगळी खिचडी, आणि तीच सगळ्यात चांगली. मला आवडली असं मी तेव्हा म्हटलं नव्हतं. आताही म्हणत नाही. पण झाकण उडालेली ती सीडी अजून इस्त्रीच्या टेबलावर असते.

एकदाच आले मी तुमच्या मोठ्या हॉलमध्ये, कानात कापूस घालून. अर्धं कळलं नाही. पण शेवटी तुम्ही एकेक करून थांबलात. गिटार थांबली, ट्रम्पेट थांबला, तू माइकपासून मागे झालीस, आणि नुसतं टेपवरचं माझं मशीन राहिलं, धडक, धडक-धडक, आणि एवढा मोठा हॉल त्याच्यावर गात होता. माझ्या शेजारचा एक दाढीवाला रडत होता. मी त्याला कापूस दिला, दुसरं काही नव्हतं हातात.

मग तो दिवस, वायरमनने मला नंतर सांगितला तो. गाण्याच्या मधे तुझा आवाज फाटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हे पण नवीन काहीतरी. ठोक्याला मात्र कळलं. त्याने ताल थांबवला. त्याने ताल थांबवलेला मी एवढ्या वर्षांत ऐकलेला नाही, टाकीत पडतानाही नाही.

हॉस्पिटलमधलं जास्त लिहीत नाही. एवढंच की आत नेताना तू माझी बाही धरून कुजबुजलीस, “मावशी, आवाज गेला तर मग मी कोण?” चादर दुमडलेली होती, ती मी नीट केली. बाहेर सगळे बसले होते. पाळकसाहेब आले आणि त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. मी मनात म्हणत होते, आवरा, देवालाही कामं असतात, आत्ता त्याचं लक्ष आत असू दे. ठोक्या एका कोपऱ्यात गुडघ्यांवर बोटं वाजवत होता. एकसारखी. मी म्हटलं, अरे, बंद कर, डोकं उठलंय. तो म्हणाला, “मावशी, मला याच्याशिवाय दुसरं काही मागता येत नाही.” मग मी त्याला वाजवू दिलं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, गळ्यातली गाठ साधी आहे, जीवाला धोका नाही. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. ठोक्याने माझ्याकडे बघितलं. “हे तरी मोजलं का?” मी म्हटलं, मोजलं. पाळकसाहेब शेजारीच होते, त्यांनी काही हरकत घेतली नाही.

तेव्हापासून तू तिकडे, त्या भाड्याच्या खोलीत, हॉस्पिटलजवळ. कुणी भेटायला नको म्हणालीस, मी कुणाला पाठवलं नाही. ठोक्या येतो दुकान बंद झालं की, मशीनला टेकून उभा राहतो, काही विचारत नाही. वायरमनने माझी लाइटची सगळी बटणं बदलून दिली, एकही बिघडलेलं नव्हतं. बेकरीवाला पाव ठेवून जातो. म्हणजे सगळे थांबलेत, पण कुणी तसं म्हणत नाही.

म्हणणारा एकच. तो कार्यक्रमवाला, दोन कानांना दोन फोन लावणारा. शनिवारी आला. चकचकीत बूट, माझ्या ओल्या फरशीवर. म्हणतो, “मावशी, ताईंचा आवाज परत आला का? आला असेल तर आपण मोठा कार्यक्रम घेऊ. देवाने कसं बरं केलं याची ताईंनी साक्ष द्यायची. हजारो लोक येतील, देवाचा गौरव होईल.” पोस्टर पण काढून आणलं होतं, त्यावर तू, आणि वरून उजेड पडतोय. मी म्हटलं, देवाला ऐकू येतं, स्पीकर माणसांना लागतात. तो हसला, पण हलला नाही. “पण आला का आवाज?” मी म्हटलं, मला काय माहीत? मला तर नुसतं टक टक ऐकू येतं. आणि त्याचे बूट मळतील म्हणून पोछा मारायला घेतला, अगदी त्याच्या पायाशी. गेला.

आता ऐक. त्याला मी तोंडावर खोटं सांगितलं. गुरुवारचा आपला फोन झाला ना? मी गुडघ्याचं सांगितलं, तू टक केलंस. जेवलीस का विचारलं, टक. आवाजात काही फरक पडला का विचारलं, तर टक, टक. नाही. मी म्हटलं बरं, ठेव. तू फोन खाली ठेवलास, पण बंद केला नाहीस. माझे दोन्ही हात इस्त्रीत अडकलेले, फोन खांद्यावर मानेने धरलेला, म्हणून मीही बंद केला नाही. पलीकडे नळ सुटला. भांडी. आणि मग तू गायला लागलीस. मी सगळी मशीनं बंद केली, मोठ्याचा तर प्लगच ओढला. काउंटरपाशी शाळेच्या बाई उभ्या होत्या, त्या काहीतरी बोलायला लागल्या, त्यांना मी म्हटलं, गप्प! त्या आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसल्या असतील. तो पहिला आवाज नाही. जाडसर आहे, खालचा, बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा. पण आवाज आहे. ‘मळ माझा, हात तुझे.’ पुन्हा पुन्हा, सावकाश, आणि भांड्यावर तोच लंगडा ठोका. मशीन इथे बंद आणि चालू तिथे. पूर्ण होईपर्यंत ऐकलं. इस्त्री कुणाच्या तरी शर्टावर राहिली, कॉलर जळाली. जळू दे. हॉस्पिटलपासून छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं, मी स्टुलावर बसले आणि शाळेच्या बाईंनी मला पाणी दिलं. तू मला नाही का म्हणालीस ते मला विचारायचं नाही. फोनवर विचारलं असतं तर तू एक टक केलं असतंस नाहीतर दोन, आणि मला दोन्ही नको होतं. बँड चालू कर, नको करूस, नळाखाली गा, नाहीतर कुठेच गाऊ नकोस. तू विचारलं होतंस ना, आवाज गेला तर मी कोण? कुणी ऐकत नसताना जी गात होती ती तू. मला एवढं कळलं, मला पुरे. ठोक्यालासुद्धा सांगितलेलं नाही, आणि तो मशीनला टेकून उभा असतो तेव्हा तोंड मिटून ठेवणं फार जड जातं, ते एक बघ. बाकी पत्र लिहायचं कारण इतकंच, की फोन ठेवताना लाल बटण दाबत जा. त्या बूटवाल्याचाही फोन येत असेल, त्यालाही तू टक टक करत असशील, उद्या त्याच्या कानावर पडलं तर तो उजेडासकट तुला स्टेजवर उभी करेल. तुझं तू ठरवेपर्यंत कुणाला कळता कामा नये. माझ्याकडून कळणार नाही. बस. येत्या गुरुवारी मी गुडघ्याचं बोलेन, हवेचं बोलेन, पण या विषयावर एक अक्षर बोलणार नाही, आणि तू विचारलंस तरी नाही.

तुझीच,
काही ऐकू न आलेली मावशी